बारा महिन्यांना पुरेल अशी जागा द्या

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेविका व नगरसेवक आणि मुख्याधिकारी,
पेण नगरपरिषद, पेण
रोहा अष्टमी नगरपरिषद, रोहा

विषय : गावातल्या मोकळ्या जागांची आखणी वर्षभराच्या वापराप्रमाणे करण्याबाबत



माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. त्या नात्यानं दोन नगरपरिषदांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा एवढीच काय ती स्टेशनांची वाट. दोन्ही गावांच्या अडचणीही बऱ्याचशा सारख्याच. २०१६ नंतर थेट डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे नगरपरिषदेचं मतदान झालं. मधली काही वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. बागेबद्दल, मैदानाबद्दल काही विचारायचं तर साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागे. आता विचारायला गावातलीच माणसं आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या जागांवर बायका आहेत. म्हणून हे धाडस.

येत्या पाच वर्षांत तुम्ही बागा कराल, चौक सजवाल, नदीकाठ बांधाल, एखादं सभागृह उभाराल. निधी नगरोत्थानातून येईल, वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून येईल, जिल्हा नियोजनातून येईल. माझं मागणं पैशाचं नाही. कोणत्याही मोकळ्या जागेचा आराखडा काढायला देण्याआधी एक कागद तयार करा. त्यावर बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे लिहा, की या जागेत आज कोण येतं आणि कशासाठी येतं. तो कागद आर्किटेक्टच्या हाती द्या. पुढचं निम्मं काम तो कागदच करील.

आपल्या दोन गावांचं वर्ष कसं जातं ते तुम्हाला सांगायला नको, पण आराखड्याच्या टेबलावर त्याचा विसर पडतो म्हणून लिहिते. थंडीत वालाच्या शेंगा आल्या, की भांबुर्ड्याचा पाला घालून शेतात पोपट्या लागतात आणि गल्लोगल्ली कबड्डीचे सामने होतात. फेब्रुवारीपासून पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याच्या कडेला दिसू लागतात. एप्रिल-मे म्हणजे लग्नं आणि उन्हाळी वाळवणं. पेणचे पापड ज्या हातांनी लाटले जातात त्या हातांना ऊन आणि सपाट, स्वच्छ जमीन लागते. पावसाच्या तोंडावर ठाकर आणि कातकरी बायका शेवळं घेऊन येतात, मग टाकळा, मग भारंगी. तेव्हाच गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची घाई उडालेली असते. गणपती, विसर्जन, नवरात्र. रोह्यात दसऱ्याला लागून धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात आणि अख्खं गाव रस्त्यावर येतं. दिवाळीत पोरांना किल्ल्याला माती हवी असते. भातकापणी उरकली, की पुन्हा पोपटी.

यातलं प्रत्येक काम जागा मागतं, आणि एका कामाला जागा हवी असते तेव्हा दुसऱ्याला सहसा नको असते. कबड्डीचं मैदान पावसाळ्यात ओस असतं, आणि मूर्तिकाराला छप्पर हवं असतं ते पावसाळ्यातच. लग्नाचा मांडव मेमध्ये लागतो, पालखीचा मुक्काम आश्विनात. जागा कमी आहे हे खरं, पण वर्षाकडे पाहून वाटली तर तीच जागा तिप्पट होते. ही वाटणी आपल्या आजेसासूबाईंना पडवीत बसवता येत होती. एकाच पडवीत भात पडे, पाहुणा झोपे, बाळंतिणीचा पाळणा टांगला जाई आणि गणपतीची आरासही होई. गावाला मात्र आपण पडवी ठेवली नाही.

त्याऐवजी आपण काय बांधतो? गावोगाव पाहा. चहूबाजूंनी रेलिंग, आत हिरवळ, मध्ये पेव्हर ब्लॉकची वाट, कोपऱ्यात ओपन जिम आणि दर्शनी बाजूला गावाच्या नावाचा, फोटो काढण्याजोगा लाल बदाम. फाटकाला कुलूप. उद्घाटनाच्या दिवशी ते छान दिसतं. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पहिल्याच पावसाळ्यात पेव्हरवर शेवाळ धरतं आणि आजोबा घसरतात. हिरवळीवर पाणी साचतं. व्यायामाची यंत्रं गंजतात. जून ते सप्टेंबर ही बाग म्हणजे लांबून बघायचं चित्र. आणि उन्हाळ्यात भर दुपारी तिथे सावली नसते, कारण लावलेली झाडं शोभेची असतात. म्हणजे पैसे बारा महिन्यांचे आणि वापर संध्याकाळचे दोन तास, तोही वर्षातल्या सात-आठ महिन्यांपुरता.

मला वाटतं, आपल्या हवामानात सार्वजनिक जागेची पहिली गरज आहे भिंती नसलेलं मोठं छप्पर. त्याला सभागृह म्हणू नका. सभागृह म्हटलं की भिंती येतात, एसी येतो, भाडं येतं, चावी येते. साधी छपरी म्हणा. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. त्याभोवती बघ्यांना जागा धरून वीस बाय पंधरा मीटरची छपरी झाली, तर तीनशे चौरस मीटरमध्ये गावाचं बहुतेक वर्ष मावतं. जोतं पुराच्या खुणेपेक्षा उंच घ्या. कडेनं जांभ्याच्या पायऱ्या द्या, म्हणजे खुर्च्या मांडायला नकोत. छप्पर उताराचं ठेवा आणि वळचण इतकी बाहेर काढा, की झड आत येऊ नये. आपला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त मारतो. पन्हळीचं पाणी टाकीत घ्या. एका बाजूला सामानाची कुलूपबंद खोली, दुसऱ्या बाजूला बायकांसाठी आणि पुरुषांसाठी स्वच्छतागृह, एक नळ, पुरेसे दिवे. बस्स. हे बांधायला कोणतंही नवं तंत्र लागत नाही, लागतं ते नेटकं रेखाटन आणि नेटका गवंडी.

छपराची बांधणी मात्र जपून करा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. शाळांचे, घरांचे पत्रे पानासारखे उडाले, आणि जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज परत यायला कित्येक दिवस लागले. तेव्हा प्रत्येक वाडीला एका मजबूत छपराची गरज होती. बांगलादेशात वादळात आसरा देणाऱ्या कितीतरी इमारती एरवी शाळा म्हणून चालतात. रोज वापरात असलेली इमारत संकटाच्या दिवशी धूळ खात पडलेली सापडत नाही, हे त्यांनी सोसून शिकलेलं शहाणपण आहे. आपली छपरी वाऱ्याच्या हिशेबानं जखडलेली असेल आणि तिच्यावर थोडे सोलर पॅनल असतील, तर वादळानंतरच्या आठवड्यात तिथे मोबाईल चार्ज होतील, औषधं वाटता येतील, पत्रे उडालेल्या घरातली म्हातारी माणसं निजतील.

आता पेणकरांसाठी खास मुद्दा. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर, रावे आणि खुद्द पेण इथल्या मूर्ती अमेरिका-दुबईपर्यंत जातात याचा आपल्याला अभिमान आहे. पण या धंद्याची जागा कुठे आहे? घराच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, बांबू आणि प्लास्टिकच्या कापडाखाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर बरीच सुनावणी झाली. प्लास्टरच्या मूर्ती करण्या-विकण्याला वाट मिळाली, पण नैसर्गिक पाण्यात त्यांच्या विसर्जनाला मर्यादा आल्या. सगळे मूर्तिकारांना सांगतात, शाडूकडे वळा. शाडूचं गणित जागेत अडतं, हे कुणी सांगत नाही. प्लास्टर साच्यातून निघतं ते घट्ट होऊनच. शाडूची मूर्ती सावकाश सुकते, उन्हात ठेवली तर तडकते, दमट हवेत दिवसचे दिवस ओली राहते, आणि सुकेपर्यंत एकीवर एक रचता येत नाही. तेवढ्याच मूर्ती शाडूत करायच्या तर छपराखालची जागा कितीतरी जास्त लागते, तीही ऐन पावसाळ्यात. छोट्या कारागिरानं ती कुठून आणायची? नगरपरिषदेची छपरी जून ते ऑगस्ट रास्त भाड्यानं, चिठ्ठ्या टाकून, लहान मूर्तिकारांना मिळाली तर पर्यावरणाचं धोरण जमिनीवर उतरेल. मोठ्या कारखानदारांकडे स्वतःच्या शेड आहेत. ही सोय ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी राखा.

मूर्ती बनते तशी बुडतेही. कृत्रिम तलाव आता दर वर्षी लागणार. दर वर्षी खड्डा खणायचा, ताडपत्री घालायची, पुन्हा बुजवायचा, यापेक्षा एक कायमचा पायऱ्यांचा खोलगट चौक करता येईल. एरवी त्यात नाटक होईल, शाळेचं गॅदरिंग होईल. नेदरलँड्समधल्या रोटरडॅम शहरात २०१३ मध्ये असा चौक झाला. कोरड्या दिवशी पोरं तिथे बास्केटबॉल खेळतात, मोठ्या पावसात तोच चौक पाणी धरून ठेवतो आणि गटारांवरचा ताण कमी करतो. ही कल्पना जशीच्या तशी उचलू नका, एवढंही सांगते. रोटरडॅमचा पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. आपला जुलैतला आठवडा त्यांच्या कित्येक महिन्यांना भारी. इथे असा चौक पावसाळाभर तुडुंब राहील आणि डासांना घर मिळेल. शिवाय विसर्जनाचं रंगमिश्रित पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र करता येत नाही. एक उपसून वेगळं न्यावं लागतं, दुसरं नाल्याला सोडता येतं. तेव्हा उतार, निचरा आणि झडप यांचा विचार इथल्या अभियंत्यानं इथल्या पावसाला धरूनच करायला हवा.

रोह्याकडे वळते. कुंडलिकेच्या काठावर गेल्या काही वर्षांत सुशोभीकरणाचं काम झालं. संध्याकाळी माणसं तिथे फिरायला जातात हे पाहून माहेरवाशिणीला बरंच वाटतं. पण नदी फिरायला जाण्यापुरती नसते. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं. टाटांचं ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. त्यामुळे कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिलमध्ये दगड दाखवतात तेव्हाही कुंडलिका वाहती असते. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. असं बारमाही पाणी फार थोड्या गावांच्या नशिबी येतं. आणि जुलैत हीच नदी धोक्याची पातळी ओलांडते. म्हणजे काठाला दोन स्वभाव सांभाळायचे आहेत. खालचे टप्पे बुडतील असेच धरा. तिथे दगडी घाट, उतरायच्या पायऱ्या, मासे धरणाऱ्यांना आणि विसर्जनाला वाट. दिवे, बाकं, खेळणी यांतलं काहीही तिथे नको, नाहीतर दर वर्षी गाळातून उपसून काढायचं आणि नवं टेंडर काढायचं. वरच्या टप्प्यावर सावलीची झाडं आणि छपरी. आणि रोह्याबरोबर अष्टमीही आहे, हे विसरू नका. नगरपरिषदेच्या नावात दोन गावं आहेत, नदीला दोन काठ आहेत. एका काठाला रोषणाई आणि दुसऱ्याला उकिरडा अशी वाटणी नको.

याच मातीतली दोन उदाहरणं देते. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यात जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारानं गावोगाव अमृतालयम् उभारली : स्थानिक साहित्याची, झोपडीवजा, गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमानं बांधलेली. संध्याकाळी तिथे प्रार्थना होते, गावाच्या सुखदुःखाचं बोलणं होतं. स्वाध्यायाशी तुमचं पटो न पटो, वास्तुरचनेचा धडा मोलाचा आहे. कमी खर्चात, भपक्याविना, ज्यांनी वापरायची त्यांनीच उभी केलेली जागा टिकते, कारण तिची डागडुजी कुणावर ढकलायची नसते. दुसरे रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. दिल्लीतल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, हे कमी सांगितलं जातं. १९६२ मध्ये सुरू झालेली ती वास्तू जोसेफ ॲलन स्टाईन यांनी रचली. झाडं, जाळ्या, ओवऱ्या, माणसांनी थांबून बोलावं अशा जागा तिथे आहेत. ती सभासदांसाठी आहे. आपल्याला सर्वांसाठी हवी. पण बोलण्यासाठी नीट जागा बांधावी लागते, हे रोह्याच्या माणसानं दिल्लीत ओळखलं होतं.

आणखी एक उदाहरण लांबचं आहे, पण मुद्द्याचं. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात पिंपं बनवणारा एक जुना कारखाना पाडून तिथे क्रीडा-संस्कृती केंद्र करायचं ठरलं. लीना बो बार्दी ही आर्किटेक्ट जागा बघायला गेली तेव्हा तिला दिसलं, की सुट्टीच्या दिवशी आसपासची माणसं तिथे आधीच जमतात. पोरं फुटबॉल खेळतात, कुणी बाहुल्यांचा खेळ लावतं, कुणी चूल मांडतं. तिनं ठरवलं, की हे चाललंय ते असंच चालू राहिलं पाहिजे. कारखाना तिनं पाडला नाही. आत चूल ठेवली, पाण्याचा पाट ठेवला, वाचायला आणि काही न करता बसायलाही जागा ठेवली. १९८२ मध्ये उघडलेलं ते केंद्र आजही भरलेलं असतं. तिनं लोकांना नवं काही शिकवायचा आव आणला नाही. लोक जे करत होते त्याला छप्पर दिलं. पेणच्या पापडवाल्यांना, रोह्याच्या कबड्डीपटूंना याहून वेगळं काय हवं आहे?

आपल्या राज्यातही कामं झाली आहेत. माटुंग्याला उड्डाणपुलाखालच्या जागेत गाड्या आणि नको ते उद्योग चालत. रहिवाशांनी पाठपुरावा केला, महापालिकेनं ऐकलं, आणि २०१६ मध्ये तिथे बाग झाली. तिच्यातली पायवाट नर्मदेच्या वळणांवरून बेतली आहे. पुलाचं छप्पर फुकटचं मिळालं. आपला मुंबई-गोवा महामार्ग रुंद होताना पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या गावांनी दशकभर धूळ खाल्ली. त्याच महामार्गानं आपल्या वाट्याला काही पूल आणि त्यांच्या खालची सावली दिली आहे. ती पार्किंग आणि कचऱ्याला आंदण देण्याआधी महामार्गवाल्यांशी पत्रव्यवहार करा. कोपरगावला समीप पडोरा यांनी शाळेसाठी विटांच्या पातळ कमानीचं ग्रंथालय बांधलं. त्याचं छप्पर जमिनीतून उगवल्यासारखं वर येतं, खाली मुलं वाचतात आणि वर चढून खेळतात. एकाच बांधकामाकडून दोन कामं करून घ्यायला मोठं शहर लागत नाही.

आता घाईचं कारण. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये उघडला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रात नवं नगर वसवण्याची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली आहे. जमिनीचे भाव कुठे चालले आहेत ते माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक. विकास आराखड्यातलं आरक्षण दहा वर्षांत संपादित झालं नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे नोटीस देऊन ते रद्द करून घेऊ शकतो. आज जी जागा नकाशावर मैदान म्हणून हिरवी आहे ती उद्या इमारत होऊन उभी राहू शकते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. २०११ च्या जनगणनेत पेण शहर ३८ हजारांच्या घरात होतं आणि रोहा अष्टमी २१ हजारांच्या. म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येला पेणला किमान ३८ हेक्टर आणि रोह्याला २१ हेक्टर हवी. नकाशावर किती आहे, ताब्यात किती आहे, आणि प्रत्यक्ष वापरात किती आहे, हे तीन आकडे नगरपरिषदेच्या दारावर लावा. आम्हाला फार काही विचारावं लागणार नाही.

तुमच्या मनात शंका येतील, त्या रास्तही आहेत. उघडी छपरी ठेवली तर अतिक्रमण होईल, रात्री दारू चालेल, अमुक मंडळ कायमचं बस्तान मांडेल, तमुक पक्षाचा बॅनर वर्षभर लटकेल. ही भीती खरी आहे. कुलपं याच भीतीतून आली. पण कुलूपबंद बागेच्या मागच्या भिंतीआडही दारू चालतेच, फक्त तिथे पाहणारं कुणी नसतं. सकाळी वाळवणं, दुपारी शाळेची मुलं, संध्याकाळी कबड्डी, रात्री भजन असं जिथे चालतं तिथे टवाळांना बसायला निवांतपणाच मिळत नाही. मंडळांच्या बस्तानाला उत्तर आहे फळ्यावर लिहिलेलं वेळापत्रक. कुणाला कोणते दिवस, भाडं किती, पुढचा नंबर कुणाचा, हे सगळं उघड. मैदानाच्या आरक्षणावर काही दिवसांपुरता वेगळा वापर करायला नगररचना कायद्यात कलम ३७अ ची वाट आहे, पण दिवसांची मर्यादा आहे. ती पाळा, म्हणजे मेळ्याच्या नावाखाली मैदान बाजार होणार नाही. आणि फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहेच. त्याखालच्या समितीत शेवळं विकणाऱ्या बाईलाही खुर्ची मिळू द्या.

नगरसेविकांना स्वतंत्र विनंती. पुरुषांना पार आहे, टपरी आहे, कट्टा आहे. चहा न घेता, काही विकत न घेता, कुणाच्या नजरेचा जाब न देता अर्धा तास बसता येईल अशी बाईची जागा गावात कुठे आहे? देवळात, तीही देवाच्या निमित्तानं. छपरीचं रेखाटन आलं की पहिल्यांदा स्वच्छतागृहाची आणि दिव्यांची जागा तपासा. स्वच्छतागृह मागच्या अंधारात ढकललेलं असेल तर कागद परत पाठवा. ते काम तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी करणार नाही.

निर्णय कसा घ्यायचा याचाही धडा पेण तालुक्यानंच दिला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या २२ गावांत महामुंबई सेझबद्दल, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल, सरकारनं जनमत घेतलं. शेतकरी रांगा लावून आले आणि जमिनीबद्दल आपलं मत कागदावर नोंदवून गेले. एवढ्या मोठ्या प्रश्नावर आमची माणसं शांतपणे मत देऊ शकतात, तर प्रभागातल्या छपरीबद्दल नक्कीच देतील. त्यांना फक्त वेळेवर विचारा. काम सुरू झाल्यावर बोलावलेली बैठक ही बैठक नसते, ती माहिती असते.

म्हणून या वर्षासाठी माझ्या चार मागण्या आहेत.

एक. दोन्ही गावांतल्या प्रत्येक मोकळ्या जागेचं बारा महिन्यांचं पत्रक करा. शाळांची मुलं आणि पनवेल-मुंबईच्या आर्किटेक्चर कॉलेजांचे विद्यार्थी मोजमापाला आनंदानं येतील. त्यांना चहा-पोहे आणि नकाशा द्या.

दोन. त्या पत्रकावरून पेणला एक आणि रोह्याला किंवा अष्टमीला एक जागा निवडा. पक्कं बांधण्याआधी एक वर्ष बांबू-ताडपत्रीचं कच्चं छप्पर घालून बघा. आपल्या मंडपवाल्यांना ते दोन दिवसांचं काम आहे. कुठून झड येते, पाणी कुठे साचतं, बायका कोणत्या बाजूला बसतात, मूर्तिकाराला फळ्या कुठे मांडाव्या लागतात, हे वर्षभरात दिसेल. मग पक्कं रेखाटन करा.

तीन. बांधकामाच्या खर्चाबरोबरच दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च ठरावात लिहा. बल्ब कोण बदलेल, पन्हळ कोण साफ करील, स्वच्छतागृह कोण धुईल, त्याला पगार कुठून मिळेल, हे नाही लिहिलं तर तो ठराव अर्धवट समजा.

चार. देखरेखीच्या समितीत बचतगट, कबड्डी मंडळ, मूर्तिकार, जवळची शाळा आणि भाजीवाल्या यांची माणसं घ्या. दर वर्षी निम्मी बदला, म्हणजे चावी कुणाच्याच घरची होणार नाही.

यात एकही अशक्य गोष्ट नाही. पुतळे, कमानी, कारंजी यांना माझा विरोध नाही. गावाला शोभा हवीच. पण नगरपरिषदेचा रुपया पहिल्यांदा जिथे जास्तीत जास्त माणसं जास्तीत जास्त दिवस वापर करतील तिथे जावा, आणि शोभा त्यानंतर. तुमच्या अर्थसंकल्पात या छपरीसाठी एक ओळ असू द्या. तिच्यापुढे आकडा किती मांडायचा ते तुम्ही ठरवा. ती ओळ आहे की नाही हे ऐकायला त्या दिवशी आम्ही काही बायका सभेत मागच्या बाकांवर येऊन बसणार आहोत. वेळ तेवढी आधी कळवा.

आपली,
रोह्याची लेक आणि पेणची सून